सूर्यफुलाचा हट्ट

वाटीत सूर्यफुलाच्या बिया दिसल्या की आमचा कॉकाटेल राळा आणि बाजरी सरळ खाली उधळतो. मला हा नुसता माज वाटत नाही. ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखात त्याचे भाईबंद मैलोन्‌मैल उडतात, जमिनीवर उतरून गवताचं बी टिपतात. तिथे बियांतली चरबी खर्ची पडते. नागपुरात धरमपेठेतल्या फ्लॅटमध्ये ती यकृतावर साचते. बियांत कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्वाचीही वानवाच. अंड्यावर आलेली मादी भिंतीचा चुना कुरतडते, त्याला लोक खोडी म्हणतात! पिंजऱ्यात समुद्रफेन टांगावं. जुना रंग मात्र कुरतडू देऊ नये, त्यात शिसं असू शकतं.

हिरव्या पाल्याला तो आधी भितो. ओल्या सांबाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी टांगली, की त्यात अंग घासून अंघोळ करतो, मग हळूच चावतो. थव्याचा पक्षी, आपण समोर बसून तेच खाल्लं तर लवकर धजावतो. नागपुरी मे महिन्यात भिजवलेलं धान्य दुपारपर्यंत आंबतं, ते सकाळीच काढावं.

अ‍ॅव्होकॅडो आणि चॉकलेट मात्र विषच. आणि खाणं अचानक थांबलं, तर उद्यावर ढकलू नका. त्याच दिवशी सेमिनरी हिल्सचं पशुवैद्यकीय महाविद्यालय गाठा.