द्रासची पहाट

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण लडाखच्या वाटेवर मालमोटार चालवितो. एका नोव्हेंबरात जम्मूस टाकी भरून तो द्रासला मुक्कामास राहिला. पहाटे गाडी सुरूच होईना. डिझेलच्या यंत्रात ठिणगी नसते; दाबलेल्या हवेच्या उष्णतेने तेल पेटते. गारठलेले लोखंड ती उष्णता शोषून घेते, आणि तेलातील मेण थिजून गाळणी तुंबते. उणे ३३ अंशांतही प्रवाही राहणारे डिझेल लडाखात २०१९ पासून मिळते. परंतु टाकीतले तेल थिजल्यावर त्याचा काय उपयोग? सोबतच्या गाड्या निघून गेल्या. हा उन्हाची वाट पाहत राहिला.

“फादर, तयारी आधीच हवी,” तो आम्हांस म्हणाला.

दहा कुमारींचा दाखला आम्ही कितीदा समजाविला! पापनिवेदन मरणसमयी करू म्हणणाऱ्यांना यापुढे आम्ही द्रासची ती पहाट सांगू.