हवेचा दाब आणि माझा

माझा मेहुणा विमान बांधतोय. विमान अजून नाही. त्याच्या इंजिनाचा सेन्सर तेवढा आलाय.

कॅप्टन अमोल यादव यांनी चारकोपला इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ साली 'मेक इन इंडिया'च्या प्रदर्शनात लोकांनी पाहिलं, २०२० साली ते धुळ्याला उडालं. तेव्हापासून तारापूर एमआयडीसीत प्रेशर गेज तपासणारा हा गृहस्थ दिसेल त्या गच्चीकडे आशेने बघतो.

इंजिनात हवा नेणाऱ्या नळकांड्याला मॅनिफोल्ड म्हणतात. तिथल्या दाबावरून इंजिन किती जोर लावतंय ते वैमानिकाला कळतं. इंजिन बंद असताना हा आकडा शून्य नसतो, बाहेरच्या हवेएवढा असतो. समुद्रकाठी साधारण तीस इंच पारा. इंजिन सुरू होऊन मंद फिरू लागलं की तो धाडकन उतरतो. आमच्या शाखेत काम सुरू झालं की चढतो.

"भावजी, इथे सोपं आहे," मेहुणा म्हणाला. "वेधशाळा समुद्रसपाटीचा आकडा देते आणि आपण समुद्रावरच. धुळ्याला तोच धरलात तर इंचभर घोळ! सेन्सर खरा असून खोटा ठरतो."

सेन्सर टर्बो इंजिनाचा, म्हणजे हवेच्या वरचा दाबही मोजणारा. तो तपासायला मेहुण्याने जेवणाच्या टेबलावर माझं काट्याचं बीपीचं मशीन जोडलं. फुगा दाबून काटा दोनशे चोपन्नवर नेला. म्हणजे बरोबर दहा इंच. सेन्सर साडेनऊलाही पोचेना.

"बाद!" मी निकाल दिला.

दुसऱ्या दिवशी तो कारखान्यातल्या मास्टर गेजला लावून आला. सेन्सर चोख होता. माझंच मशीन सोळाने जास्त दाखवत होतं. पाहतो तर रिकामं असतानाही काटा सोळावर! खातं उघडतानाच शिल्लक सोळा, आणि मी कॉमर्सचा पदवीधर!

याच मशीनच्या एकशे चोपन्नावर हिने माझं मीठ तोडलं होतं. आठ महिने! बाहेर किनाऱ्यावर सुके बोंबील वाळतायत आणि घरात मी अळणी आमटी भुरकतोय.

"मीठ आण," मी गरजलो.

"आधी डॉक्टर," ही म्हणाली.

डॉक्टरांच्या मशीनवर एकशे अडतीस आले. मी अत्यंत नम्रपणे विचारलं, "हे मशीन शेवटचं कधी तपासलंय?"

डॉक्टरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि पट्टा पुन्हा आवळला. या वेळी एकशे बावन्न.