पावडर गेली, अंश राहिला

वाचकहो, आपल्यापैकी ज्यांनी सत्तरी ओलांडली आहे, त्यांना बीएचसी म्हणजे काय हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. कोणी तिला गॅमेक्सिन म्हणत असे. बहुतेक घरांत ती नुसतीच ‘पावडर’ होती. तुरीवर अळी पडली की ती धुरळली जाई, ज्वारी बळदात भरताना कडेने टाकली जाई. आमच्या घरी ती धोतराच्या जुन्या फडक्यात बांधून, ढेकणांसाठी खाटेच्या सांध्यांवर आपटली जात असे. तिचा कुबट वास आजही माझ्या स्मरणात आहे.

त्या काळाला दोष देण्याचे कारण नाही. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात दरवर्षी सुमारे ७.५ कोटी लोकांना हिवताप होत असे आणि ८ लाखांच्या आसपास माणसे त्यात दगावत. १९५३ मध्ये राष्ट्रीय हिवताप नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, घराघरांतील भिंतींवर डीडीटीची आणि पुढे बीएचसीचीही फवारणी झाली. १९६५ पर्यंत रुग्णसंख्या १ लाखाच्या आसपास उतरली होती. त्या फवारणीने अनेक घरे वाचवली, हे मान्य केलेच पाहिजे. पुढे या रसायनांचे दुसरे रूप समोर आले आणि १ एप्रिल १९९७ पासून भारतात बीएचसीवर बंदी आली.

मग इतक्या वर्षांनी हा विषय कशासाठी? त्याला दोन कारणे आहेत. शिरूर अनंतपाळ आणि आसपासच्या गावांत अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांना पाहण्यासाठी मी घरी जातो. जुन्या माळवदाच्या घरात, देवळीत किंवा माळ्यावर, गंजलेला एखादा डबा अजूनही दिसतो. ‘असू द्या, मुंग्यांना कामाला येते,’ असे उत्तर मिळते. दुसरे कारण म्हणजे कंपवात झालेल्या आपल्या सासऱ्यांना नियमाने दवाखान्यात आणणाऱ्या एका सुनेचा प्रश्न. ती म्हणाली, ‘डॉक्टरसाहेब, मामांनी उभा जन्म हातानं पावडर टाकली. हात कापतात ते त्यानंच का?’ त्या प्रश्नामागे आणखी एक प्रश्न होता: त्याच घरात, त्याच मातीत तिची मुलेही वाढत होती.

या प्रश्नाचे उत्तर समजण्यासाठी पावडरीची घडण थोडी जाणून घ्यावी लागेल. बीएचसीच्या प्रत्येक रेणूत कार्बनचे ६, हायड्रोजनचे ६ आणि क्लोरीनचे ६ अणू असतात. अणू तेच, संख्या तीच. पण त्यांची मांडणी निरनिराळी असू शकते. अशा निरनिराळ्या मांडणीच्या रूपांना समघटक म्हणतात. अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा ही त्यांची नावे. कीटक मारण्याचे सामर्थ्य मुख्यतः एकट्या गॅमा समघटकात आहे. त्यालाच शुद्ध स्वरूपात लिंडेन म्हणतात. तो वेगळा करणारे डच रसायनशास्त्रज्ञ व्हॅन डर लिंडेन यांच्यावरून हे नाव पडले. साध्या बीएचसी पावडरीत गॅमाचे प्रमाण १० ते १५ टक्केच असे. म्हणजे पोते भरून पावडर शेतात गेली, तर तिच्यातील बहुतांश भाग कीड मारण्याच्या दृष्टीने जवळजवळ निरुपयोगीच होता.

निरुपयोगी असला, तरी तो निरुपद्रवी नव्हता. या समघटकांपैकी बीटा हा सर्वांत चिवट आहे. त्याच्या रेणूची घडण इतकी स्थिर आहे की मातीतील जिवाणूंना आणि आपल्या यकृतालाही तो सहजासहजी मोडता येत नाही. पाण्यात तो फारच थोडा विरघळतो, चरबीत मात्र चांगला मुरतो. गॅमा शरीरातून तुलनेने लवकर बाहेर पडतो. बीटाचे शरीरातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ७ वर्षे लागतात. मातीतून चाऱ्यात, चाऱ्यातून जनावरात, जनावराच्या चरबीतून दुधात आणि दुधातून माणसात, असा त्याचा प्रवास होतो.

हा प्रवास कागदावरचा नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने १२ राज्यांतून गाई-म्हशींच्या दुधाचे २,२०५ नमुने तपासले होते. सुमारे ८२ टक्के नमुन्यांत बीएचसीच्याच कुळातील डीडीटीचे अंश आढळले. मर्यादेपेक्षा अधिक अंश असलेल्या नमुन्यांचे प्रमाण एकूण ३७ टक्के होते. आपल्या महाराष्ट्रात ते ७४ टक्के होते. त्याच पाहणीत बाळांच्या डबाबंद दुधाच्या २० ब्रँडचे १८६ नमुने तपासले गेले. त्यांपैकी सुमारे ९४ टक्के नमुन्यांत बीएचसीचे समघटक सापडले. पुढे २००३ मध्ये दिल्लीच्या विज्ञान आणि पर्यावरण केंद्राने शीतपेयांत लिंडेनसह अनेक कीटकनाशकांचे अंश असल्याचे जाहीर केले, तेव्हा शरद पवार यांच्या अध्यक्षतेखाली संयुक्त संसदीय समिती नेमली गेली, हे आपल्याला आठवत असेल. २००९ मध्ये स्टॉकहोम करारात अल्फा, बीटा आणि लिंडेन या तिघांचा समावेश झाला. भारतात लिंडेनचे उत्पादन २०११ मध्ये आणि वापर २०१३ मध्ये थांबवण्यात आला. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने लिंडेनला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात ठेवले.

आता त्या सुनेच्या प्रश्नाकडे वळतो. अमेरिकेत २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कंपवाताच्या रुग्णांच्या रक्तात बीटा समघटक इतरांपेक्षा अधिक वेळा आढळला. हा संबंध गांभीर्याने घेण्यासारखा आहे. परंतु संबंध आढळणे म्हणजे कारण सिद्ध होणे नव्हे. वय, आनुवंशिकता, इतर रसायने यांचाही वाटा असतो. एका विशिष्ट माणसाचा कंपवात पावडरीमुळेच झाला, असे कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही. आणि मीही तिला तेच सांगितले. मामांनी पावडर टाकली ती घरातले धान्य वाचावे म्हणून. त्याचा ठपका त्यांच्यावर ठेवून काहीही साधत नाही. त्यांचे औषध वेळेवर देणे आणि त्यांना पडू न देणे, हे मात्र आपल्या हातात आहे. मुलांच्या बाबतीत दिलासा असा की बंदीनंतर नवी भर थांबली आणि अशा अंशांचे प्रमाण काळाबरोबर घटते. दूध सोडू नये. बाळाला अंगावर पाजणे तर मुळीच थांबवू नये, कारण त्याचे लाभ कितीतरी मोठे आहेत.

आपण काय करावे, तेही सांगतो. घरात जुना डबा किंवा पुडी आढळली, तर ती उघडू नये, वास घेऊ नये. हातमोजे घालून, नाकातोंडाला फडके बांधून ती दुहेरी प्लास्टिक पिशवीत बंद करावी, मुलांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावी आणि तालुका कृषी अधिकाऱ्यांना विचारून तिची विल्हेवाट लावावी. ती जाळू नये. धूर अधिक विषारी होतो. विहिरीत, नाल्यात किंवा उकिरड्यावर टाकू नये. सांडलेली पावडर कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने टिपावी. रिकामा डबा धुऊन त्यात मीठ किंवा डाळ भरण्याची सवय तर कायमची सोडावी.

खरजेसाठी लावायचे गॅमा बेंझिन हेक्झाक्लोराइडचे लोशन म्हणजेही लिंडेनच. त्याची जुनी बाटली कपाटात असेल तर ती वापरू नये. म्हातारपणी कातडी पातळ होते, वजन घटते. अशा शरीरात हे औषध अधिक शोषले जाऊन झटके येऊ शकतात. खरजेवर आज पर्मेथ्रिनसारखी अधिक सुरक्षित औषधे मिळतात.

चुकून कोणाच्या पोटात अशी पावडर गेली, तर आपल्याकडे तूप किंवा दूध पाजण्याची रीत आहे. ती येथे घातक ठरते, कारण स्निग्ध पदार्थांबरोबर हे विष अधिक वेगाने शोषले जाते. उलटीही करवू नये. झटका आल्यास ती श्वासनलिकेत जाते. १०८ ला फोन करावा आणि डबा सोबत घेऊन रुग्णालय गाठावे. कोणते विष आहे हे कळले, तर उपचाराची दिशा लवकर ठरते.

धान्यासाठी कडक ऊन, चाळलेली राख आणि कडुलिंबाचा वाळलेला पाला हे जुने उपाय आजही चांगले आहेत. पावडरीऐवजी धान्यात सल्फासच्या गोळ्या ठेवणारी घरे आता दिसतात. त्यांतून निघणारा वायू झोपेतच जीव घेऊ शकतो, म्हणून राहत्या खोलीत त्या कधीही ठेवू नयेत. येत्या सणाच्या साफसफाईत माळा आणि देवळी एकदा नीट पाहून घ्या. वृद्ध आई-वडिलांनाच विचारा, पावडर कोठे ठेवली होती. ते त्यांना अचूक आठवत असते.