पर्शियनांचे हत्ती आणि कोल्हारची लाईट

कोल्हारला नगर-मनमाड रस्त्यालगतच्या एका गाळ्यात चार कॉम्प्युटर होते. 2003 साली मी दहावीत होतो. तासाला वीस रुपये एकट्याला परवडत नसत, म्हणून एका मशीनवर दोघं बसायचो. एकाच्या हातात माऊस, दुसऱ्याचं बोट कीबोर्डवर 'एच'पाशी. ते दाबलं की पडदा थेट आपल्या टाउन सेंटरवर जायचा. चार मशीन, आठ पोरं, आणि 'एज ऑफ एम्पायर्स टू'.

1999 चा हा गेम. पुढच्याच वर्षी आलेल्या 'कॉन्करर्स'सह त्यात अठरा राज्यं झाली, पण हिंदुस्थान त्यात नव्हता. मग आमच्यातले निम्मे पर्शियन घ्यायचे, कारण लढाईचे हत्ती त्यांच्याकडे होते. हत्ती म्हणजे आपले, एवढं आम्हाला पुरेसं होतं. शेतही आम्हाला जवळचं वाटायचं. साठ लाकडं दिली की शेत उभं राहायचं, पीक संपलं की ओसाड पडायचं आणि पुन्हा साठ लाकडं मोजावी लागायची. बाहेर रस्त्यावरून लोणीच्या कारखान्याकडे उसाच्या ट्रॉल्या चाललेल्या असायच्या आणि आत आम्ही पेरणीचा हिशेब करायचो.

आणि लाईट जायची. भारनियमनाचे दिवस होते ते. यूपीएस पिपाणीसारखा वाजू लागला की मालक ओरडायचे, "सेव्ह करा रे!" बॅटरी कधी पाच मिनिटं चालायची, कधी तेवढीही नाही. तासभर जमवलेले चाळीस हत्ती अंधारात नाहीसे होत. मग प्रवरेच्या पुलावर जाऊन बसायचो आणि लाईट गेली नसती तर कोण जिंकलं असतं यावर भांडायचो.

पुढे लिनक्स, म्हणजे विंडोजऐवजी कॉम्प्युटरवर टाकायची फुकट प्रणाली, माझ्याकडे पोस्टाने आलं. तेव्हा त्याच्या उबुंटू या आवृत्तीची सीडी मागवली की फुकट घरपोच यायची. पोस्टमनकाकांनी ते परदेशी पाकीट दारात आणून दिलं तेव्हा आई घाबरली होती. मी उबुंटू टाकलं आणि त्यावर 'वाईन' चढवलं. हे वाईन म्हणजे दुभाषी. विंडोजसाठी लिहिलेला प्रोग्राम विंडोजच्या भाषेत काहीतरी मागतो, वाईन ते लिनक्सला समजेल असं सांगतं. त्यावर काम 1993 पासून चालू होतं, पण पहिली पक्की आवृत्ती निघायला 2008 उजाडलं. माझ्या मशीनवर गेमची सुरुवातीची चित्रफीत दिसली, तुतारी वाजली, आणि पडदा काळा झाला. तीन रात्री जागलो. जमलं नाही, पण त्या तीन रात्रींत कॉम्प्युटर आतून कसा चालतो हे मला जेवढं कळलं, तेवढं पुढे कॉलेजातही कळलं नाही.

आता माझ्या हातात स्टीम डेक हा गेम खेळायचा छोटा कॉम्प्युटर आहे. आमच्या त्याच आठांपैकी एकजण जर्मनीत असतो, त्याने येताना आणून दिला. सात इंचांचा पडदा, दोन्ही बाजूंना बोटांनी चालवायच्या चौकोनी पट्ट्या, आत लिनक्स. मूळ गेमला 32 एमबी मेमरी पुरायची, याच्यात 16 जीबी आहे, पाचशे पट. तो बनवणाऱ्या व्हॉल्व्ह कंपनीने 2018 मध्ये वाईनवरच 'प्रोटॉन' उभं केलं. आता गेम उतरवायचा आणि बटण दाबायचं. तीन रात्रींचं काम एका बटणात आलं. त्या रात्री मनापासून आवडलेल्या होत्या, तरी मला याचं दुःख नाही. ज्यांनी पंचवीस वर्षं ही दुभाष्याची भाषा घडवली, त्यांच्याविषयी फक्त कृतज्ञता वाटते.

गेमही बदललाय. 2019 च्या नव्या आवृत्तीत शेत आपोआप पुन्हा पेरलं जातं. 2022 पासून गुर्जर, बंगाली, द्रविड अशी आपल्याकडची राज्यं त्यात आहेत. मी मात्र अजून पर्शियनच घेतो.

एक खटपट तेवढी उरली होती. एकट्याने खेळताना सगळं सुरळीत, पण जर्मनीतल्या मित्रासोबत डाव लावला की थोड्या वेळाने तुटायचा. कारण समजलं तेव्हा मी खुर्चीतून उठलो. हा गेम नेटवरून हत्ती पाठवतच नाही, फक्त हुकूम पाठवतो. बाकी सगळी लढाई प्रत्येक मशीन स्वतः मोजतं, आणि सगळ्यांचं उत्तर शेवटच्या दशांशापर्यंत एकच यावं लागतं. 28.8 केबीपीएसच्या मोडेमवर आठजणांना खेळता यावं म्हणून केलेली ही युक्ती. दुभाष्याची आकडेमोड मूळ विंडोजपेक्षा केसभर वेगळी पडली की दोघांच्या मशीनवर दोन वेगळ्या लढाया सुरू होतात आणि गेम थांबतो. मायक्रोसॉफ्टची गणिताची एक फाईल हाताने योग्य फोल्डरमध्ये ठेवली आणि डाव टिकू लागला. त्या रात्री मी पुन्हा दहावीत होतो.

गेल्या दिवाळीत कोल्हारच्या घरी ओट्यावर बसून खेळत होतो. तीस हत्ती मित्राच्या तटाला भिडलेले. तेवढ्यात लाईट गेली. डेक बॅटरीवर चालूच राहिला, पण आतल्या खोलीतला वायफायचा डबा बंद पडला आणि डाव तुटला.

"काका, हॉटस्पॉट चालू केलाय," अंधारातून पुतण्या म्हणाला.

फोनवर मित्राचा निरोप आलेला होता : "सेव्ह आहे रे. ये."

त्याने डाव पुन्हा लावला. हत्ती तटाशीच उभे होते.