एकशे त्रेपन्न आणि एकशे अठ्ठेचाळीस

१ डिसेंबर १९२६ रोजी बॉम्बे जिमखान्यावर नागपूरच्या सी. के. नायडूंनी आर्थर गिलिगनच्या एमसीसी संघाविरुद्ध १५३ धावा ठोकल्या. त्याच महिन्यात, त्याच मैदानावर, त्याच संघाविरुद्ध पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधरांनी १४८ काढल्या. पहिली खेळी हिंदू संघाकडून, दुसरी अखिल भारतीय संघाकडून. फरक पाच धावांचा. पुढं मात्र या दोन खेळींचं नशीब पार वेगळं निघालं. ते तसं का, हा प्रश्न मला बरीच वर्षं सोडत नाही.

नागपुरात खरं तर हा प्रश्न कुणाला पडत नाही. सीके इथं १८९५ साली जन्मले, हिस्लॉपमध्ये शिकले, इथल्याच मैदानांवर घडले. विषय संपला. माझे मामा देवधरांचं नाव निघालं की म्हणायचे, "धावा त्यांनीही केल्या रे, पण मैदान उठवलं ते सीकेनं." पुण्याला दिलेल्या आत्याकडं सुट्टीत गेलं की नेमकं उलटं ऐकायला मिळे. तिथं देवधर म्हणजे महाराष्ट्राचं क्रिकेट, आणि नायडू म्हणजे एक दुपार.

पण ती दुपार होती तरी कशी! बॉम्बे जिमखाना हा गोऱ्यांचा क्लब. हिंदी माणसाला तिथं सभासद होता येत नसे. सामन्यापुरतं मैदानात उतरायचं आणि खेळ संपला की परत फिरायचं. एमसीसीच्या डावात गाय अर्लनं १३० धावा करताना आठ षटकार मारले होते. साहेबाची ताकद लोकांनी डोळ्यांनी पाहिली होती. मग नायडू आले. दोन तास पूर्ण व्हायच्या आत त्यांनी १५३ केल्या, त्यात ११ षटकार आणि १३ चौकार. म्हणजे १५३ पैकी ११८ धावा नुसत्या सीमारेषेवरून. प्रथम दर्जाच्या सामन्यात एका डावात इतके षटकार तोवर कुणीच मारले नव्हते. एमसीसीनं त्यांना चांदीची बॅट भेट दिली. मला त्या आकड्याहून जागा मोठी वाटते. ज्या क्लबचं दार आपल्याला बंद आहे, त्याच्याच अंगणात उभं राहून चेंडू अकरा वेळा बाहेर भिरकावणं, हे पाहणाऱ्या माणसाला त्या दिवशी काय वाटलं असेल ते सांगायला धावफलक पुरत नाही.

देवधरांच्या १४८ मागं अशी गोष्ट नाही. पण मला जसजसं कळत गेलं तसतसं त्या खेळीचं वजन वाढत गेलं. एका माणसानं एकदा मारलं तर पाहुणा म्हणू शकतो की दिवस त्याचा होता. काही दिवसांनी दुसरा कुणी येतो, दीडशेच्या घरात जातो, आणि त्याचा संघ एमसीसीवर पहिल्या डावात आघाडी घेतो, तेव्हा असं म्हणायची सोय राहत नाही. भारतानं स्वतःचं मंडळ काढावं, कसोटीच्या तयारीला लागावं, असा सल्ला गिलिगननं दिला. १९२८ साली बीसीसीआय उभं राहिलं. त्याचं श्रेय आपण सीकेंच्या षटकारांना देतो. माझ्या मते ते दोघांत निम्मं निम्मं वाटलं पाहिजे.

पुढं घात केला तो वयानं. २५ जून १९३२ला भारत लॉर्ड्सवर पहिली कसोटी खेळला. पोरबंदरच्या महाराजांनी कर्णधारपद सोडलं, लिंबडीचे राजपुत्र जखमी, म्हणून नाणेफेकीला नायडू गेले. ते तेव्हा ३६ वर्षांचे होते. देवधर चाळिशीचे, त्यांना संघातच घेतलं नव्हतं. वय झालं म्हणून ज्यांना वगळलं, ते त्यानंतर बारा वर्षांनी, पन्नाशी ओलांडल्यावर, नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात दोन शतकं करतात! देवधर कसोटी कधीच खेळले नाहीत. नायडू सात खेळले, त्यांत ३५० धावा केल्या. नुसते आकडे पाहिले तर सीकेंची कसोटी कारकीर्द साधीच म्हणावी लागेल. पण भारताचा पहिला कर्णधार हे बिरुद एकदा लागलं की ते कुणाला काढून घेता येत नाही. १९३२च्या त्या दौऱ्यात त्यांनी दीड हजारांहून अधिक धावा केल्या, ६५ बळी घेतले, आणि पुढच्या वर्षी 'विस्डेन'नं त्यांना पाच सर्वोत्तम खेळाडूंत मोजलं.

लोकांच्या लक्षात कोण राहतं, हाच पेच मला ब्रिटन-आयर्लंडच्या मुष्टियुद्धातही दिसतो. इंग्लंडचे नायजेल बेन आणि ख्रिस युबँक दोनदा भिडले. १९९० साली युबँक जिंकला, १९९३ची लढत बरोबरीत सुटली. मग डब्लिनचा स्टीव्ह कॉलिन्स आला. त्यानं १९९५ साली युबँकला दोनदा आणि १९९६ साली बेनला दोनदा हरवलं. चारही लढती त्याच्या. तरी लोक आजही जोडीनं नाव घेतात ते बेन-युबँक असंच. २०२५ साली त्यांची मुलं एकमेकांसमोर उभी राहिली तेव्हा लंडनमधलं टॉटनहॅमचं स्टेडियम फुलून गेलं. कॉलिन्सनं हिशेब चुकता केला, पण लोकांच्या मनातली जागा आधीच भरलेली होती. देवधरांना तर हिंदू संघात समोरासमोरचा तो सामनाही मिळाला नाही, कारण तिथं ते आणि नायडू एकाच बाजूनं खेळत.

मग प्रत्येकानं आपापलं काय मागं ठेवलं? नायडू १९२३ सालीच इंदूरला गेले होते. होळकरांच्या फौजेत ते मानाचे कर्नल झाले, आणि होळकर संघानं पुढं चार वेळा रणजी करंडक जिंकला. त्या काळातला एक प्रसंग माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. १९५१-५२चा रणजी अंतिम सामना, मुंबईविरुद्ध. सीके ५६ वर्षांचे. दत्तू फडकरांचा उसळता चेंडू तोंडावर बसला, दोन दात पडले. सीकेंनी ते दात बॅटीनं खेळपट्टीवरून बाजूला सारले आणि पुन्हा पवित्रा घेतला. अशा माणसाभोवती दंतकथा जमणारच.

देवधर पुण्यातच राहिले, संस्कृत शिकवत राहिले, आणि १९३९-४० व १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षं महाराष्ट्राला रणजी करंडक जिंकून दिला. विजय हजारे, रंगा सोहोनी यांच्यासारखी तरुण पोरं त्या संघात होती. हजारेंनी बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ केल्या त्या महाराष्ट्राकडूनच. सीकेंनी लोकांना स्वप्न दाखवलं, देवधरांनी संघ बांधला, असं मी म्हणेन; मुंबईचं क्रिकेट शेजारी असताना पुण्यात संघ बांधणं किती अवघड असेल हे आम्हा विदर्भवाल्यांना वेगळं सांगायला नको. त्यांच्या नावाची देवधर करंडक स्पर्धा १९७३-७४ पासून सुरू झाली, पण पुढं काही वर्षं ती वेळापत्रकातून गायबच होती. शंभरी ओलांडून ते १९९३ साली गेले.

नागपुरात नायडूंवर हक्क सांगताना आपण एक गोष्ट विसरतो. विदर्भ १९५७-५८ पासून रणजी खेळतोय आणि साठ वर्षं हाती काही लागलं नव्हतं. सीकेंच्या जन्मगावाचा अभिमान होता, पण नुसत्या अभिमानावर कुणाची बॅट चालत नाही. जे झालं ते निवासी अकादमी, वयोगटांचे संघ, वर्षानुवर्षं तीच पोरं एकत्र ठेवणं, बाहेरून चंद्रकांत पंडितांसारखा कडक प्रशिक्षक आणि वसीम जाफरसारखा जाणता फलंदाज आणणं, यातून झालं. १ जानेवारी २०१८ला फैज फजलच्या संघानं दिल्लीला हरवून पहिला करंडक घेतला. रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक, अक्षय वाडकरचं शतक. आणि मैदान कुठलं? इंदूरचं होळकर स्टेडियम. पद्धत मात्र पुण्याच्या प्राध्यापकांची होती, हे मी मामांसमोरही म्हटलं असतं.

२६ फेब्रुवारी २०२५, महाशिवरात्र. नागपूरजवळच्या जामठ्याला केरळविरुद्ध रणजीचा अंतिम सामना सुरू झाला आणि विदर्भ लवकरच ३ बाद २४. उन्हाचा चटका लागायला सुरुवात झाली होती. नागपूरचा दानिश मालेवार, एकवीस वर्षांचा, करुण नायरबरोबर उभा राहिला आणि दोघांनी २१५ धावा जोडल्या. पोरगा घाईत नव्हता. सोडायचा तो चेंडू सोडत होता. दुसऱ्या दिवशी तो बाद झाला तेव्हा त्याच्या नावापुढं १५३ होते. मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी लगेच सीकेंचं नाव घेतलं आणि आजूबाजूच्यांनी टाळ्या पिटल्या. मीही पिटल्या. पण या १५३ना २८५ चेंडू लागले होते आणि त्यांनी कोसळलेला डाव उभा केला होता. मला त्या टाळ्यांत देवधरांचाही वाटा दिसत होता. विदर्भाच्या ३७९ झाल्या, केरळ ३४२वर आटोपला. सामना अनिर्णित राहिला, आणि त्या ३७ धावांच्या आघाडीवर तिसरा करंडक नागपुरात राहिला.