नहाणी ट्रॅप

कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी 'दहावीपुरतं' आहे, हे आधीच सांगून टाकते. चुका दिसल्या तर सांभाळून घ्या.

सेकंड इयर संपल्यावर मेसच्या भाजीला कंटाळून आम्ही चौघींनी हॉस्टेल सोडलं आणि पुण्यात सदाशिव पेठेत फ्लॅट घेतला. १७६१ साली पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाची ही पेठ. फ्लॅट म्हणजे एका जुन्या वाड्याचा वरचा मजला. खाली दिंडी दरवाजा, चौक, काळ्या दगडाचं जोतं. वर मात्र मालकांनी नवं कोरं टू बीएचके केलेलं : चकाचक टाइल्स, फॉल्स सीलिंग आणि दोन बेडरूमना दोन बाथरूम! भाडं २४ हजार, म्हणजे प्रत्येकी सहा. ११ महिन्यांचं अ‍ॅग्रीमेंट. आम्ही तर हवेतच होतो.

खाली जुन्या भाडेकरू आजी राहायच्या. त्यांचं भाडं महिना ६० रुपये! ऐकून आम्ही चाटच पडलो.

ऑगस्टमध्ये एकदा त्यांनी मला हाक मारली. "अगं, तू इंजिनियर ना? हे जरा बघ."

त्यांच्या स्वयंपाकघराचा कडीपाट काळा पडला होता. ओट्यावर थेंब झेलायला पातेलं. बरोबर वर माझं बाथरूम. सागवानी तुळई जिथे भिंतीत शिरते तिथे मी किल्ली टोचून पाहिली. केकमध्ये जावी तशी आत गेली.

स्लॅबच्या बिल्डिंगमध्ये बाथरूमची जागा खोल ठेवून त्यात पाइप बसवतात. लाकडी मजल्यात ती सोय नाही. म्हणून इथे विटांचे तुकडे आणि सिमेंट भरून फरशी उंच केलेली. ते सगळं वजन तुळईवर, आणि नहाणी ट्रॅपच्या जॉइंटमधून गळणारं पाणीही तिच्यावरच.

मी हे सांगितलं तर आजी म्हणाल्या, "न्हाणी वर कशी असेल? आमची न्हाणी खाली, मागच्या अंगाला. लाकडावर कोणी पाणी ओततं का?"

'नहाणी ट्रॅप' मी इंग्रजी शब्द म्हणून पाठ केला होता. कोणी मिस्टर नहाणी नावाच्या माणसाने शोधला असेल असंच वाटायचं!

मालकांना फोन केला. ते म्हणाले, "म्हातारीला तक्रारीची सवयच आहे. तुम्ही तुमचं बघा." मैत्रिणी म्हणाल्या, जास्त बोललो तर घर जाईल, सबमिशन्स तोंडावर आलीत. खरंच होतं ते. पण अंघोळ करताना प्रत्येक तांब्या आजींच्या डोक्यावर ओततेय असं वाटायला लागलं.

शेवटी आमच्या सरांना घेऊन आले. त्यांनी सगळ्या तुळया ठोकून पाहिल्या, टेकू लावायला सांगितला आणि म्हणाले, "मालकांना लेखी दे."

आयुष्यातलं पहिलं मराठी पत्र लिहिलं. आजींनी चष्मा लावून वाचलं आणि एका शब्दावर बोट ठेवलं. 'वाडा धोकादायक आहे.'

"हे काढ गं. याच्यावर मला बाहेर काढतील."

मला एकदम धस्स झालं. वजन पडावं म्हणून मी तो शब्द सहज टाकला होता. परत लिहिलं : बाथरूमच्या गळतीमुळे एका तुळईचं टोक कुजलंय, बाकीच्या तुळया सरांनी तपासल्या, त्या चांगल्या आहेत, बाथरूम काढून तेवढी तुळई दुरुस्त करावी. वर चार मुली राहतात, मजला खाली आला तर जबाबदार कोण? आजींनी 'तुळइ'ची 'तुळई' केली आणि पत्र गेलं.

दिवाळीआधी काम निघालं. बाथरूम गेलं, आणि आमचं घरही. डिपॉझिट कापूनच मिळालं. मैत्रिणी आठवडाभर माझ्याशी बोलत नव्हत्या.

आजी आहेत तिथेच आहेत. तुळईला नवं टोक जोडलंय. गेल्या रविवारी पोहे खायला गेले, तेव्हा ओट्यावर पातेलं नव्हतं.

आता पुन्हा हॉस्टेल, पुन्हा तीच भाजी. पण नळ सोडताना आता हमखास मनात येतं, आपल्या खाली कोण राहतं?