नऊ नंबरचा डावा गुडघा

सिनसिनाटीला फिरायला म्हणून कुणी जात नाही. न्यूयॉर्क, व्हेगास आणि नायगारा उरकलं की अमेरिका संपली, असा आपल्या ऑनसाइट मंडळींचा शिरस्ता. ओहायो नदीकाठचं हे शहर वाट्याला येतं ते प्रोजेक्टमुळे. माझ्याही तसंच आलं. सोमवार ते शुक्रवार क्युबिकल, शनिवारी लाँड्री आणि ग्रोसरी. पण सप्टेंबर उजाडला की एखाद्या रविवारी अख्खं गाव केशरी-काळ्या पट्ट्यांचे शर्ट चढवून नदीकडे निघालेलं दिसतं. तुम्हीही सरळ त्यांच्या मागे चालू लागा.

गाडी असली तरी पलीकडच्या कोव्हिंग्टनला ठेवा आणि रोबलिंग पुलावरून चालत या. कोव्हिंग्टन म्हणजे केंटकी. पूल ओलांडलात की ओहायो, म्हणजे दहा मिनिटांत दोन राज्यं खिशात! हा झुलता पूल १८६६चा. जॉन रोबलिंगने पुढे न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन ब्रिजचा आराखडा केला, तो हे काम हातावेगळं केल्यावर. पुलाच्या लोखंडी जाळीवरून गाड्या गेल्या की घूंऽऽ असा आवाज येतो, म्हणून गावकरी त्याला गाणारा पूल म्हणतात. समोर उजवीकडे बेसबॉलचं स्टेडियम, डावीकडे फुटबॉलचं. आपलं काम डावीकडे.

मॅच दुपारी एकची असली तरी सकाळीच पार्किंग लॉटमध्ये ग्रिल पेटलेले असतात. लोक भोकाच्या फळीवर धान्याच्या पुरचुंड्या फेकत बसलेले असतात आणि अनोळखी माणसाच्याही हातात हॉटडॉग कोंबतात. इथली फेमस चिली मात्र स्पॅगेटीवर घालून देतात, त्यात दालचिनी आणि वर किसलेल्या चीजचा डोंगर. खिम्याची आठवण काढू नका, उपाशी राहाल.

स्टेडियम २०००चं. क्लबचा संस्थापक आणि पहिला कोच पॉल ब्राऊन याचं नाव त्याला होतं, २०२२पासून ते पेकॉर स्टेडियम झालं. माझ्या शेजारच्या सीटवर साठीचे एक काका होते. अंगात नऊ नंबरची जर्सी. नऊ नंबर म्हणजे इथला लाडका क्वार्टरबॅक जो बरो, पण काकांच्या विटलेल्या जर्सीवर नाव होतं पामर.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी एवढंच, की क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, टीमचा मेंदू. उजव्या हाताने लांब फेकायचं तर डावा पाय पुढे रोवावा लागतो. चेंडू सुटतो त्या क्षणी अंगाचं सगळं वजन त्या एका पायावर असतं आणि नजर आभाळात. त्याच वेळी सव्वाशे किलोचा गडी खालून गुडघ्यावर आदळला तर पाय सरकत नाही, गुडघा आत वळतो. आपल्या कबड्डीत रेडरचा घोटा पकडणं ही कला आहे, पण तिथे रेडर डिफेंडरकडेच बघत असतो आणि त्याचा पाय हलता असतो. इथे पाय खिळ्यासारखा ठोकलेला.

८ जानेवारी २००६ला याच मैदानावर हे घडलं. सिनसिनाटी बेंगल्स पंधरा वर्षांनी प्लेऑफमध्ये पोचले होते, समोर पिट्सबर्ग. कार्सन पामरने पहिलाच पास फेकला, तब्बल ६६ यार्डांचा. स्टेडियम नाचत होतं आणि पामर जमिनीवर पडून होता. पिट्सबर्गचा किमो फॉन ओल्हॉफन त्याच्या डाव्या गुडघ्यावर आदळला होता. हा किमो पूर्वी बेंगल्सकडूनच खेळलेला, घरचाच माणूस! मुद्दाम केलं नाही, असं तो म्हणाला. लिगामेंट फाटलं, वाटी सरकली, पामर गाडीवरून बाहेर गेला आणि बेंगल्स १७-३१ने हरले. पिट्सबर्गने त्या वर्षी सुपर बोल जिंकला.

मग २००६मध्येच नियम कडक झाला. चेंडू फेकणाऱ्यावर धावून जाणाऱ्याने त्याच्या गुडघ्याला किंवा त्याखाली धडक टाळण्याचा प्रयत्न करायलाच हवा. नाही केला तर १५ यार्डांची शिक्षा, वर समोरच्याला नवा डाव. सप्टेंबर २००८मध्ये बॉस्टनजवळ टॉम ब्रेडीचा गुडघा गेला. त्याला पाडणारा बर्नार्ड पोलार्ड जमिनीवर पडलेला होता आणि तिथूनच त्याने झेप घेतली होती. म्हणून २००९ला वाक्य वाढलं: पडलेल्या डिफेंडरनेही पायांवर झेपायचं नाही. ब्रेडीचाही डावाच गुडघा. नोव्हेंबर २०२०मध्ये वॉशिंग्टनला बरोला एकाने वरून धरलं, एक खालून आला. पुन्हा डावा गुडघा, पुन्हा बेंगल्सचा नऊ नंबर.

हे नियम वाचताना मला आपल्याकडचे स्पीडब्रेकर आठवतात. अपघात झाल्यावर तिथेच एक उंचवटा घालायचा. आणि उंचवटा फक्त क्वार्टरबॅकच्या दारासमोर! धावणाऱ्याला, चेंडू झेलणाऱ्याला खालून पाडणं चालूच राहिलं. उलट डोक्याच्या दुखापतींवरून रान उठलं, वरच्या धडकेला दंड बसू लागले, तसे डिफेंडर आणखी खाली वाकले. २०१३मध्ये मायामीचा डस्टिन केलर एका सराव मॅचमध्ये गुडघा गमावून बसला आणि पुन्हा कधीच लीगमध्ये खेळला नाही. त्याला पाडणाऱ्या पोराने सरळ सांगितलं, की आताच्या नियमांत खालीच मारावं लागतं. मला तो उर्मट वाटला नाही. डोकं वाचवलं तर गुडघा जातो, हा हिशेब त्याने मांडलेला नव्हता. २०२४मध्ये मागून धरून स्वतःचं वजन धावणाऱ्याच्या पायांवर टाकायला बंदी आली, तर खेळाडूंच्या युनियननेच विरोध केला. म्हणे, पाडायचं तरी कसं?

आणि २ जानेवारी २०२३. याच मैदानात बफेलोचा डमार हॅमलिन एक साधी टॅकल करून उठला आणि कोसळला. छातीवर नेमक्या क्षणी बसलेल्या धक्क्याने हृदय थांबलं होतं. मैदानातच सीपीआर दिला गेला, मॅच रद्द झाली, तो वाचला, पुढच्या सीझनला खेळलासुद्धा. त्या टॅकलमध्ये नियमाबाहेरचं काहीच नव्हतं, त्यामुळे बंदी घालणार तरी कशावर?

आमच्या मॅचमध्ये तिसऱ्या क्वार्टरला बेंगल्सचा एक जण समोरच्या क्वार्टरबॅकच्या पायांवर घसरत गेला. रेफरीचा पिवळा फ्लॅग पडला आणि सगळं स्टँड बोंबललं. काका तर उभे राहून! बसल्यावर मी त्यांच्या जर्सीकडे बोट दाखवून विचारलं, "पामरची ती मॅच पाहिली होती का?"

"इथेच बसून," ते म्हणाले. "सगळं स्टेडियम गप्प झालं होतं."

"मग हा नियम त्याच्यामुळेच ना?"

"माहितीये रे. पण थर्ड डाऊन होता!"

यावर काय बोलणार? त्यांनी नाचोजचा ट्रे पुढे केला.

जाणार असाल तर दोन गोष्टी. बॅग पारदर्शक प्लास्टिकचीच न्या, नाहीतर गेटवरून परत पाठवतील. आणि तिकीट विचार करून काढा. वरच्या मजल्यावरून खेळ नीट कळतो, कोण कुठे पळतोय ते बुद्धिबळाच्या पटासारखं दिसतं, मागे नदी आणि पूलही. खाली मैदानालगत बसलात तर टीव्हीवर नीट न येणारी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे आवाज. दोन माणसं एकमेकांवर आदळल्याचा, हेल्मेटचा, आणि मधूनच कुणाच्या तरी ओरडण्याचा.

दुसऱ्या वेळी मी वरचं तिकीट काढलं.